पडण्याला कारण असते : घरातल्या ज्येष्ठांविषयी वाचकांचे प्रश्न

घरातल्या ज्येष्ठांच्या पडण्याविषयी मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. पत्रे पेठांतल्या जुन्या वाड्यांतून आली, तशीच नव्या सोसायट्यांमधूनही आली. त्यांपैकी बऱ्याच पत्रांत एक वाक्य आहे : "आता वयच झालंय, पडायचंच." हे आम्हाला मान्य नाही. नुसत्या वयाने माणूस पडत नाही. ओली फरशी, रात्रीची गोळी, कमजोर झालेली मांडी, चुकीचा चष्मा, अंधारातला उंबरा यांतल्या दोन-तीन गोष्टी एका वेळी जुळून येतात आणि तोल जातो. त्यातली एक काढली तरी पुढचे पडणे टळू शकते.

म्हणून सर्वांना आधी एक विनंती. किती वाजता पडले, कुठे पडले, त्या क्षणी काय करत होते, पायात काय होते आणि आधी डोळ्यांपुढे अंधारी आली होती का, हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. डॉक्टरांना रिपोर्टच्या जाड फायलीपेक्षा या पाच ओळींचा उपयोग जास्त होतो. उत्तरे वृद्धांवर उपचार करणारे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत. न्हाणीघरात दोनदा घसरल्या. रबरी मॅट आणून टाकली, तर तीही सरकते. सगळी फरशी बदलावी लागेल का? (सदाशिव पेठ)

फरशी बदलायची घाई करू नका. बहुतेक न्हाणीघरांत पाय घसरतो तो फरशीवर साचलेल्या थरावरून. केसांचे तेल, साबण, शाम्पू आणि बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यातले क्षार यांचा तो थर असतो. कोरडा असताना दिसत नाही, पाणी पडले की बुळबुळीत होतो. रोज फिनेलचा हात फिरवून तो निघत नाही, उलट फिनेल जास्त झाले तर त्याचाही चिकटा राहतो. आठवड्यातून दोनदा गरम पाण्यात धुण्याचा सोडा किंवा भांड्यांचा पातळ साबण घालून ते फरशीवर दहा मिनिटे राहू द्या, कडक ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा आणि वायपरने पाणी पूर्ण ओढून घ्या. ॲसिड वापरू नका. शहाबादी फरशी आणि मोझॅक ॲसिडने खाल्ले जातात, सांधे उघडे पडतात. ब्लीचिंग पावडरीच्या संपर्कात ॲसिड आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

मॅट सरकते कारण तिच्या खालच्या रबरी वाट्या फक्त गुळगुळीत आणि स्वच्छ पृष्ठभागावर धरतात. शहाबादी किंवा कोटा फरशी, टाइलचे सांधे किंवा साबणाचा थर यांवर त्या धरत नाहीत. त्याऐवजी खरखरीत पृष्ठभागाची, पाण्यात टिकणारी चिकटपट्टी लावा. त्यासाठी न्हाणीघर एक दिवस पूर्ण कोरडे ठेवावे लागते, आणि ही पायरी गाळल्यामुळेच पट्ट्या आठवड्यात सुटतात. दोन इंची पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या, चार-चार इंचांवर लावा. कोपरे कात्रीने गोल करा, म्हणजे टोके उचकटून पायात येणार नाहीत. दाराबाहेरचे पायपुसणे खालून रबर असलेलेच घ्या. जुन्या साडीचे पायपुसणे व्हिट्रिफाइड टाइलवर पायासकट निघून जाते.

आता अंघोळीबद्दल. पाट फार बुटका असतो, त्यावरून उठतानाच तोल जातो. प्लॅस्टिकचे हलके स्टूल ओल्या फरशीवर सरकते. रुंद रबरी बुचांची, हात असलेली, उंची कमी-जास्त करता येणारी ॲल्युमिनियमची अंघोळीची खुर्ची घ्या. बसल्यावर तळवे पूर्ण टेकावेत आणि मांड्या जमिनीला समांतर राहाव्यात. बहुतेकांना ४३ ते ४८ सेंटिमीटर उंची पुरते. बादली न हलणाऱ्या, बुटक्या चौरंगावर ठेवली की तांब्या भरायला वाकावे लागत नाही. फार कढत पाणी नको. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात आणि एकदम उठल्यावर रक्तदाब खाली येतो. अंग पुसणेही बसूनच व्हावे. परकर किंवा सलवार एका पायावर उभे राहून घालणे हा न्हाणीघरातला सर्वांत धोक्याचा क्षण आहे. कपडे बाहेर, पलंगावर बसून घालू द्या.

दोन गोष्टी हमखास राहून जातात. पहिली, गुरुवारी पाणी बंद असले की आदल्या रात्री भरून ठेवलेल्या बादल्या आणि टब. त्यांनी पाय ठेवायची जागा आक्रसते. त्या दिवशी पाणी स्वयंपाकघरात किंवा गॅलरीत भरा. दुसरी, दार. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर बाहेरच्याला दार ढकलता येत नाही. दार बाहेर उघडेल असे करून घ्या. ते जमेपर्यंत आतली कडी काढा आणि बाहेरूनही नाण्याने फिरवता येईल असे लॅच बसवा.

प्रश्न : आधाराची दांडी लावायची आहे, पण नव्या टाइलला भोक पाडायला घरातले तयार नाहीत. व्हॅक्यूमने चिकटणारी दांडी चालेल का? टॉवेलची स्टीलची दांडी तर आहेच. (कोथरूड)

दोन्ही नकोत. व्हॅक्यूमची पकड हळूहळू सुटते आणि सुटल्याचे हात टाकेपर्यंत कळत नाही. टॉवेलच्या दांडीचे स्क्रू टाइल आणि प्लास्टरपुरतेच असतात. पडणारा माणूस नुसते वजन टाकत नाही, हिसका देतो. त्यामुळे दांडी किमान ११० किलो भार घेईल अशीच हवी आणि ती भिंतीतच रुतलेली हवी.

दांडी ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची, ३२ ते ३८ मिलिमीटर जाडीची आणि खरखरीत पकडीची घ्या. भिंत आणि दांडी यांत ३८ मिलिमीटर अंतर असावे. कमी असले तर बोटांची पेरे घासतात. जास्त असले तर घसरताना हात कोपरापर्यंत आत जाऊन अडकतो आणि मोडतो. कमोडच्या बाजूच्या भिंतीवर आडवी दांडी सीटच्या साधारण एक वीत वर, आणि सीटच्या पुढच्या कडेच्या थोडी पुढे एक उभी दांडी लावा. आडवी दाबून उठता येते, उभी धरून स्थिर होता येते. अंघोळीच्या जागेत शिरताना हात जिथे आपोआप भिंतीवर जातो तिथे आणखी एक उभी. जागा प्लंबरला ठरवू देऊ नका. ज्यांच्यासाठी दांडी आहे त्यांना दोन-तीनदा बसायला-उठायला लावा आणि हात जिथे जातो तिथे पेन्सिलीने खूण करा.

भिंत कशाची आहे हे आधी कळले पाहिजे. विटेच्या भिंतीत अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) विटेत जावा, दोन विटांमधल्या मसाल्यात नाही. नव्या इमारतींतल्या हलक्या, पांढऱ्या ब्लॉकच्या भिंतीत साधा फास्टनर आवळला की ब्लॉक आतून भुगा होतो आणि दांडी काही महिन्यांत हलू लागते. तिथे केमिकल अँकर, म्हणजे भोकात घट्ट होणारे रसायन भरून बसवलेला बोल्ट, लागतो. नळ, मिक्सर आणि गीझर यांच्या सरळ वर-खाली भिंतीत पाइप असतात, तो पट्टा सोडा. भोक पाडताना टाइलवर कागदी चिकटपट्टीची फुली मारून, ड्रिलचा हॅमर बंद ठेवून टाइल पार करा. हॅमर त्यानंतर. स्क्रू बसवण्याआधी भोकात सिलिकॉन भरा, नाहीतर पाणी आत झिरपून शेजारच्या खोलीत ओल येते. शेवटी घरातल्या धडधाकट माणसाने दांडीला लोंबकळून हिसके द्यावेत. थोडीही हलली तर ती नसल्याहून वाईट.

भाड्याचे घर असेल किंवा भिंत कच्ची असेल तर कमोडभोवती बसणारी, दोन्ही बाजूंना हात असलेली चौकट मिळते. तिची बुचे दर महिन्याला तपासा. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर त्यावर ठेवायची कमोडखुर्ची आजच आणा. उकिडवे बसून उठताना गुडघ्यांवर ताण येतो आणि रक्तदाबही उतरतो.

प्रश्न : वडील ७६ वर्षांचे. दिवसा ठणठणीत चालतात, पण रात्री लघवीला उठताना दोनदा पडले. रक्तदाबाची, प्रोस्टेटची आणि झोपेची गोळी चालू आहे. (सहकारनगर)

दिवसा ठणठणीत आणि रात्री पडतात, यातच अर्धे उत्तर आहे. उभे राहिल्यावर रक्तदाब उतरत असावा, झोपेच्या गोळीची गुंगी असावी, आणि वाट अंधारी असावी.

पहिली गोष्ट घरी तपासता येते. दंडावर पट्टा बांधायचे डिजिटल यंत्र घ्या. पाच मिनिटे आडवे झोपवून रक्तदाब मोजा. मग उभे करून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला मोजा. शेजारी कुणीतरी धरायला उभे राहा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर तो दोष पक्का समजा, चक्कर आली नसली तरीही. सकाळी गोळ्यांआधी आणि रात्रीच्या गोळ्यांनंतर एक-दोन तासांनी, असे तीन-चार दिवस लिहून डॉक्टरांना दाखवा. खुर्चीत बसवून एकदाच मोजलेल्या रक्तदाबात हे दिसत नाही, आणि दवाखान्यात बहुधा तेवढेच मोजले जाते.

प्रोस्टेटसाठीची टॅम्सुलोसिन आणि रक्तदाबासाठीची प्राझोसिन या दोन्हींनी उभे राहिल्यावर रक्तदाब पडू शकतो. एका वेळी दोन्ही पोटात गेल्या तर जास्तच. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली तर रात्रीच्या खेपा वाढतात. वेळ किंवा मात्रा बदलता येते का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. झोपेच्या गोळीत अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम असेल तर ती धोक्याची आहे, पण एका रात्रीत बंद करू नका. अचानक बंद केल्यास तळमळ, गोंधळ, कधी फिटही येते. ती काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी करतात. सर्दीच्या गोळ्यांतला क्लोरफेनिरामिन हा घटकही अशीच गुंगी आणतो. त्या दुकानातून परस्पर आणू नका.

उठण्याची पद्धत वडिलांना शिकवा आणि दिवसा सराव करून घ्या. कुशीवर वळून, पाय खाली सोडून पलंगाच्या कडेवर बसायचे. पावले वीस वेळा वर-खाली करायची, मुठी आवळून सोडायच्या. मिनिटभराने कशाला तरी धरून उभे राहायचे, दहा आकडे मोजायचे, मग पाऊल टाकायचे. लघवी कमोडवर बसूनच करायची. पुरुषांना उभ्याने लघवी करताना एकदम रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. घाई होत असेल तर पलंगाशेजारी झाकणाचे युरिनल ठेवा, त्यात कमीपणा नाही.

वाटेवर माणूस जवळ येताच लागणारे छोटे दिवे जमिनीपासून वीतभर उंचीवर लावा. डोक्यावरचा प्रखर दिवा डोळे दिपवतो. मच्छरदाणी, चार्जरची वायर आणि खाली घातलेली अंथरुणे पायात येणार नाहीत असे बघा. मच्छरदाणीत पाय अडकून पडणारे आपल्याकडे कमी नाहीत. संध्याकाळी सातनंतर चहा-पाणी कमी करा, दिवसभराचे पाणी मात्र तोडू नका. पायांवर सूज असेल तर दुपारी तासभर पाय उशीवर वर ठेवून पडा. म्हणजे साठलेले पाणी रात्रीऐवजी संध्याकाळीच लघवीवाटे निघते.

मधुमेह असेल तर पडल्यावर लगेच साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर कारण तेच असू शकते. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना एकादशी किंवा चातुर्मासातले एकभुक्त आले की असे होते. उपवासाच्या दिवशी गोळी कशी घ्यायची हे आधीच विचारून ठेवा.

प्रश्न : आईला दोन वर्षांपूर्वी चक्कर आली होती. तेव्हाची गोळी अजून चालू आहे. आता ती पाय घासत चालते, हात थरथरतो, दोनदा पडली. वयाने का? (चिंचवड)

गोळीच्या पाकिटावरचे मूळ औषधाचे नाव वाचा. सिनारिझीन किंवा प्रोक्लोरपेराझीन असेल तर याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. ही औषधे काही दिवसांपुरती द्यायची असतात. वयस्कर माणसाने महिनोन्‌महिने घेतली तर पार्किन्सनसारखी लक्षणे येतात : मंद चाल, थरथर, ताठरपणा. औषध थांबवल्यावर ती बहुतेकांत काही आठवड्यांत-महिन्यांत ओसरतात. असे असताना पार्किन्सनची आणखी एक गोळी वाढवली जाते, ते टळले पाहिजे.

मूळ चक्कर कोणती होती हेही आठवा. कुशीवर वळताना किंवा मान वर करताना काही सेकंद घर गरगर फिरत असेल, तर तो आतल्या कानातले कण जागचे हलल्याचा प्रकार असतो. त्यावर गोळी नाही, डोके ठरावीक क्रमाने वळवून ते कण जागेवर नेण्याची एप्ली नावाची पद्धत आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञ ती काही मिनिटांत करतात.

प्रश्न : मी ७१ वर्षांची आहे. रोज सकाळी सारसबागेत पाऊण तास चालते. तरी वळताना तोल जातो. आणखी चालू का? (पर्वती)

चालणे सोडू नका, पण वाढवूनही तोल सुधारणार नाही. सपाट रस्त्यावर सरळ चालताना तोलाची परीक्षाच होत नाही. तोल सुधारतो तो तोल थोडा ढळेल अशा कामांनी आणि मांड्या-पोटऱ्यांच्या ताकदीने. न्यूझीलंडच्या ओटॅगो विद्यापीठात १९९० च्या दशकात घरच्या घरी करायचा एक व्यायामक्रम तयार झाला. आठवड्यातून तीनदा ताकद आणि तोल, दोनदा चालणे. त्याच्या चाचण्यांत पडण्याचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाले. खालचे व्यायाम त्याच धर्तीचे आहेत.

आधी स्वतःला तपासा. घरातले कुणीतरी शेजारी असू द्या. हात छातीवर घेऊन खुर्चीतून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येते ते मोजा. तुमच्या वयाच्या बाईला १० पेक्षा कमी, पुरुषाला १२ पेक्षा कमी आले तर पाय कमजोर. खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन, वळून, परत बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून १० सेकंद उभे राहता आले नाही, तरी तेच.

व्यायामाला स्वयंपाकाचा ओटा उत्तम. तो हलत नाही आणि उंचीही बेताची असते. भिंतीला टेकवलेल्या, चाके नसलेल्या खुर्चीतून हात न लावता उठा. पावले गुडघ्यांच्या थोडी मागे, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतके पुढे झुका, मग उठा. बसताना चार मोजत सावकाश बसा. धप्पकन बसलात तर निम्मा व्यायाम वाया जातो. पाचपासून सुरुवात, दहापर्यंत वाढवा, दोन फेऱ्या. गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर कडक गादी घालून उंची वाढवा. नंतर ओटा धरून टाचा दहा वेळा उचला, चवडे दहा वेळा. एकेक पाय बाजूला, गुडघा न वाकवता, दहा वेळा. सोपे झाले की घोट्याला अर्ध्या किलोचे वजन बांधा. ओट्याच्या कडेने दहा पावले आडवे जा आणि या.

तोलासाठी टाचेला अंगठा लावून उभे राहणे, मग तसेच चालणे, मग एका पायावर दहा सेकंद. आधी दोन्ही हात ओट्यावर, नंतर एक हात, नंतर एक बोट. इथेच लोक चुकतात : महिनोन्‌महिने दोन्ही हात घट्ट धरूनच करतात, मग तोलाला काम उरत नाही. थोडेसे डगमगायला हवे, पण ओटा हाताशी हवा. डोळे मिटून करण्याची घाई करू नका. वळताना मात्र एका पावलावर गिरकी न घेता चार-पाच छोटी पावले टाकत वळा, ही सवय आजपासून लावा. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात आणि सोडले की मिळवलेले जाते. छातीत दुखले किंवा घेरी आली तर थांबा.

ताकद वाढायला प्रथिने लागतात : दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम. ५५ किलोच्या बाईला ५५ ते ६५ ग्रॅम. पेलाभर दुधात किंवा एका अंड्यात सहा-सात ग्रॅम मिळतात. रात्रीच्या नुसत्या मऊभाताने हे भागणार नाही. दाट वरण, उसळ, दही, पनीर तिन्ही वेळच्या खाण्यात वाटून घ्या. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : तिसरा मजला, लिफ्ट नाही. आई उतरताना शेवटच्या पायरीवर चुकते. चष्मा नवा आहे, प्रोग्रेसिव्ह. (कर्वेनगर)

चष्माच कारण असण्याची शक्यता मोठी आहे. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल काचेचा खालचा भाग हातभर अंतरावरचे वाचायला असतो. जिना उतरताना नजर त्यातूनच जाते आणि पायरीची कड धूसर दिसते. जिन्यासाठी आणि बाहेर जाण्यासाठी फक्त लांबचा नंबर असलेला वेगळा चष्मा करून घ्या. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया लांबवू नका.

शेवटची पायरी चुकण्याचे दुसरे कारण म्हणजे तिच्याआधीच संपणारा कठडा. आधार संपला की मेंदू जिना संपला असे धरून चालतो. कठडा दोन्ही बाजूंना, ८५ ते ९५ सेंटिमीटर उंचीवर आणि शेवटच्या पायरीच्या पुढे ३० सेंटिमीटर गेलेला हवा. जुन्या इमारतींतल्या रुंद सिमेंटच्या कठड्याला पंजा बसत नाही, तिथे भिंतीवर सुमारे चार सेंटिमीटर जाडीचा गोल पाइप लावावा. प्रत्येक पायरीच्या कडेला दोन इंची, फरशीच्या उलट रंगाचा पट्टा रंगवा. सोसायटीच्या सभेत हे लेखी द्या. खर्च एका रंगकामापेक्षा फार कमी आहे.

एक हात कायम कठड्यावर मोकळा हवा, म्हणून भाजी-दूध आईने हातात घेऊन चढू नये. गॅलरीतून दोरीला पिशवी सोडण्याची आपल्या जुन्या चाळींतली पद्धत इथे अगदी योग्य आहे. साडी किंवा गाऊन घोट्याच्या चार बोटे वर. स्पंजच्या सपाता जिन्यावर नकोत, मागे पट्टा आणि पातळ, न वाकणारा तळवा असलेली चप्पल हवी. पावसाळ्यात जिन्यात गळणाऱ्या छत्र्या, वर्षभर ठेवलेले चपलांचे रॅक आणि कुंड्या, दिवाळीत पणतीचे सांडलेले तेल आणि रांगोळी यांची जबाबदारी प्रत्येक मजल्याने घेतली पाहिजे.

प्रश्न : मी ७४ वर्षांचा, एकटा राहतो. पडलो तर काय करावे? (हडपसर)

लगेच उठू नका. मिनिटभर पडून राहा आणि डोके, मान, कंबर, पाय क्रमाने हलवून पाहा. जांघेत जोराची कळ, पायावर भार न येणे, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसणे ही खुब्याचे हाड मोडल्याची चिन्हे आहेत. अशा वेळी उठायचा प्रयत्न नको, तेल लावणे, चोळणे, ओढून सरळ करणे नको. १०८ ला फोन करा. खुब्याच्या फ्रॅक्चरची शस्त्रक्रिया दोन दिवसांच्या आत झालेली बरी, "दोन दिवस बघू" म्हणण्यात नुकसान आहे.

काही दुखत नसेल तर कुशीवर वळा, कोपरावर या, मग हात-गुडघ्यांवर. रांगत भक्कम खुर्चीपर्यंत जा, दोन्ही हात बैठकीवर ठेवा. चांगला पाय पुढे घेऊन पाऊल टेका, हात दाबून उठा आणि वळून बसा. मुलगा किंवा शेजारी समोर असताना पलंगाजवळ याचा सराव करा. उठता आले नाही तर जमिनीवर ताटकळणेच घातक ठरते. तासाभराहून जास्त पडून राहिल्यास स्नायू चेंगरतात आणि त्याचा भार मूत्रपिंडावर येतो. म्हणून मोबाइल टेबलावर न ठेवता गळ्यातल्या दोरीला किंवा खिशात ठेवा, न्हाणीघरात जातानासुद्धा. किल्ली शेजाऱ्यांकडे द्या आणि रोज ठरलेल्या वेळी एक फोन ठरवा. मदत आणि माहितीसाठी ज्येष्ठांची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

डोक्याला मार लागला आणि ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन यांसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असेल तर बरे वाटत असले तरी त्याच दिवशी तपासून घ्या. मेंदूभोवतीचा रक्तस्राव सावकाश वाढतो. दोन-तीन आठवड्यांनी सुस्ती, डोकेदुखी, बोलण्यात गोंधळ दिसला तर तो जुना मार आठवून डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : हाडांसाठी ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्या वर्षभर घेते आहे. आणखी घेऊ? (वारजे)

रक्ततपासणीशिवाय नाही. कमतरता असेल तर ठरावीक आठवडे घेऊन थांबायचे असते. ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या चाचणीत वर्षातून एकदा पाच लाख युनिटचा डोस दिलेल्या वृद्ध स्त्रिया कमी पडण्याऐवजी जास्त पडल्या आणि त्यांची हाडेही जास्त मोडली. निकाल २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. हाडांची ताकद डेक्सा तपासणीने कळते, ती क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजते. तिच्या अहवालातला टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांशी केलेल्या तुलनेचा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर हाडांचे वेगळे औषध लागते, नुसत्या पुड्या पुरत नाहीत.

प्रश्न : आजोबांना काठी आणली आहे. दुखऱ्या पायाच्या बाजूलाच धरायची ना? (धनकवडी)

नाही, उलट्या हातात. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, आणि काठी व दुखरा पाय एकाच वेळी पुढे. चप्पल घालून ताठ उभे राहिल्यावर, हात सैल सोडला की मनगटाच्या घडीपर्यंत मूठ यावी. उंच काठीने खांदा वर चढतो, बुटकीने माणूस पुढे झुकतो. जिना चढताना आधी चांगला पाय, मग काठी आणि दुखरा पाय. उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय, मग चांगला. खालचे रबरी बूच दर महिन्याला उलटे करून बघा. त्यावरच्या रेघा झिजल्या असतील तर ते लगेच बदला.